सही मिळेपर्यंत

मंगळवार, ३ जून. इलोइलो, घरी

नाही बोलणार! पन्नास मिनिटं खुर्चीत बसेन, घड्याळ बघेन, सही घेईन आणि जहाजावर परत. कंपनीचं पत्र आलंय — समुपदेशकाची सही नसेल तर ऑगस्टचं जहाज नाही. बावीस वर्षं जहाजांवर स्वयंपाक केला. आता मी चढण्यालायक आहे का, हे एक बाई ठरवणार!

मेर्लिंडा म्हणते, "वेडा कोण म्हणतंय तुला? पण आल्यापासून चुलीजवळ तरी फिरकलास का?" बायको माझी आणि बाजू कंपनीची.

मंगळवार, १० जून

झाली पहिली भेट. झोपायला पलंग नाही, गोळ्या नाहीत. दोन खुर्च्या, एक पंखा, भिंतीवर चौकटीत परवाना. मॅडम पालमारेस माझ्याहून लहान असतील. आधी कागद वाचून दाखवला — इथलं बोलणं इथंच. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच बाहेर सांगावं लागेल. आणि कंपनीला काय कळणार? "किती वेळा आलात, आणि कामाला लायक आहात की नाही. बाकी एक शब्द नाही." बघू!

मग म्हणाल्या, "कुठूनही सुरू करा." मी पंख्याबद्दल बोललो. फार करकरतो. त्यांनी तेही मन लावून ऐकलं! किती भेटी लागतील विचारलं, तर "आत्ताच आकडा सांगितला तर तो खोटा ठरेल." हे काय उत्तर झालं?

मंगळवार, १७ जून

बाजारातून इबोस नेले, पानात गुंडाळलेला नारळाच्या दुधातला चिकट भात. रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाही आम्ही. मॅडम म्हणाल्या, "नियम आहे, मला भेट घेता येत नाही." अन्न नाकारलं! माझ्या आईने चोरालाही जेवू घातलं असतं. मी उठलोच.

"रागावलात. रागवा, पण बसा. मी घेत नाही, तुम्ही तरी खा."

पान सोडलं. घास काही तोंडापर्यंत जाईना. त्या बघत होत्या. वेळ संपली.

१८ जून

जाणार नाही. खड्ड्यात गेली सही.

मंगळवार, २४ जून

गेलो. आणि सगळं बोललो!

पिडोय जहाजाच्या इंजिनखोलीत वंगणाचं काम करायचा. माझ्या मुलीला बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून त्यानेच हातात धरलं होतं. तेव्हापासून तो माझा पारे, मी त्याचा. मार्चमध्ये छातीत कळ आली आणि जागच्या जागी गेला. बंदर अकरा दिवसांवर. जहाजावर तेवढी गार जागा एकच — माझी मांस ठेवायची खोली. कॅप्टनने त्याला तिथे ठेवायला लावलं. आणि स्वयंपाक तर थांबत नाही! अकरा दिवस त्याच्या शेजारच्या फळीवरून डुकराचं मांस काढलं, रांधलं, एकवीस माणसांना वाढलं. माझ्या घशाखाली उतरलं नाही.

रडलो, ओरडलो. मॅडम "देवाची इच्छा" म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, "हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

जहाजावरच्यांना. पिडोयच्या बायकोला, नेनिताला, नाही. कंपनीने बजावलंय, 'विशेष कक्षात ठेवला होता' एवढंच सांगायचं. जास्त बोललास तर पुन्हा जहाज विसर.

"मग सांगू का तिला?"

"ते मी नाही ठरवणार."

मग परवाना कशाचा मिळालाय तुम्हाला! खूप भांडलो. शेवटी त्यांना हसू फुटलं. मलाही.

मंगळवार, ८ जुलै

सही मिळाली. 'लायक.' हवं तर पुढेही येत जा म्हणाल्या. ऑगस्टच्या जहाजावर नाव लागलं. मेर्लिंडाने मासे आणले. मी तळले. दोन खाल्ले.

९ जुलै

नेनिताकडे जाऊन आलो. मांसाच्या खोलीसकट सगळं सांगितलं. ती कंपनीला जाब विचारेलच, उद्यापर्यंत त्यांना कळेल. कळू दे! जहाज गेलं तर गेलं.

मी तिला म्हटलं, रोज सकाळी त्या खोलीचं दार उघडण्याआधी टकटक करायचो. "पारे, येतो रे आत," म्हणायचो.

तिने डोळे पुसले. "इंजिनाच्या आवाजाने कान गेले होते रे त्याचे. जोरात ठोकायचं होतंस."