लेकीची वस्तू

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. काल वाशीमला माझी वर्षाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका किडनीवर तुमचं छान चाललंय, बीपी तेवढं सांभाळा. एसटीत बसल्यापासून घर येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

तुमच्या दोन्ही किडन्या गेल्या, आईला शुगर म्हणून तिची चालेना, म्हणून किडनी मी दिली. तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. लेकीचं घेऊ नये, हे तुमचं एकच तुणतुणं. लग्न झाल्यापासून तुम्ही इंझोरीला माझ्या घरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ऑपरेशननंतर भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तर रिठदच्या आपल्या घरून दोन मोठ्या बाटल्या भरून आणायला लागलात. माझ्याच ओसरीवर बसून पिशवीतून बाटली काढायची आणि घटाघटा प्यायची. अंगात माझी किडनी, पण माझ्या घरचं पाणी चालत नाही! सासूबाई हसायच्या आणि मी आत जाऊन भांडी आपटायचे.

दवाखान्यातून सोडताना नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की आता हृदयाला जपा. बीपीनं रक्तवाहिन्या आधीच कडक झाल्यात, किडनी टिकवायच्या या नव्या गोळ्यांनी बीपी आणि कोलेस्टेरॉल आणखी वाढतं, किडनी चांगली असूनही माणसं हृदयानं दगावतात. तुम्ही शहाण्या मुलासारखी मान हलवलीत. पुढे किडनीच्या गोळ्यांसाठी मोबाइलमध्ये सकाळ-संध्याकाळ आठचा गजर, एक मिनिट इकडेतिकडे नाही. बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र डब्यात तशाच. ताटात ठेचा, पापड, लोणचं. मी डबा तुमच्यापुढे आदळला, तेव्हा तुम्ही हसत होतात.

"काहून चिडून राह्यली वं? तुही किडनी तं ठणठणीत हाय!"

"अन् तुमचं काय?"

"माहं काय वं, जुनं खटारं."

असा संताप झाला होता मला! खटाऱ्यात बसवायला दिली होती का मी किडनी? मग त्या वर्षी पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत तुम्ही मध्येच खाली बसलात. हात छातीवर, सदरा घामानं भिजलेला, आणि तोंडानं चालूच, "पित्त हाय, पित्त." मी ओढत डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हृदयाच्या नळ्या तुंबल्यासारख्या वाटतात, रंगाचं औषध सोडून त्यांचे फोटो काढावे लागतील, उशीर नको. तुम्ही ऐकलं नाहीत. "नाई म्हंजे नाई, साहेब. त्या औषधानं किडनीले धक्का लागन. ते लेकीची वस्तू हाय." उठलात आणि चपला घालून चालायला लागलात.

तीन आठवड्यांनी सकाळी आठला तुमचा गजर वाजला आणि वाजतच राहिला, म्हणून आई अंगणात आली. तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून बसलेले होतात, गोळी मुठीत. पंधरा दिवसांपूर्वीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, किडनीचं काम उत्तम. मी तो कागद चुलीत घातला. उत्तम किडनी तुमच्याबरोबर जळून गेली, बाबा. काय सांभाळलंत तुम्ही? कुणासाठी? मला ती परत नको होती. मला तुम्ही पाहिजे होतात.

इथवर मी सगळ्यांना सांगते. नऊ वर्षं असंच सांगत आले. पण डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही आधी बाही वर सारली होती. "करून टाका, साहेब," असंच म्हणाला होतात. डॉक्टर सांगत होते, रंगाच्या औषधाचा किडनीला थोडा त्रास होऊ शकतो, आम्ही आधी सलाईन देऊ, काळजी घेऊ, पण आता धोका हृदयाला आहे. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी विचारलं, "पण किडनीले काई झालं तं?" तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. मग बाही हळूच खाली ओढलीत. त्या घटकेला मला तुमच्या छातीची नाही, माझ्या किडनीची काळजी वाटली होती, आणि ते तुम्हाला दिसलं.

आई अजूनही म्हणते, तेच अडून बसले. हे पत्र तिला वाचून दाखवायचं, असं ठरवून लिहायला बसले होते. नाही दाखवणार.