डागाचं औषध आणि घोटभर पाणी

अप्पा,

ड्रायक्लीनिंगहून आलेली साडी परवा उघडली आणि तुमचा वास आला. अगदी तोच नव्हे, पण त्याच जातीचा. किंचित गोड, डोक्यात शिरणारा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना असा वास येतो. तुम्ही सायकल भिंतीला लावून आत आलात की आई आधी खिडकी उघडायची आणि तुम्ही म्हणायचात, "अत्तर लावून येतोय की मी, तुला किंमतच न्हाय." अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागावरून उतरलेल्या चादरी-टॉवेलांवरचे तेलाचे डाग काढायचं तुमचं काम. बाटलीतलं पाण्यासारखं औषध फडक्यावर घ्यायचं, डाग कडेनं आत चोळत न्यायचा, फुंकर घालायची की डाग गायब. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे नुसतं डागाचं औषध म्हणत, आणि तुमच्या हाताला यश आहे म्हणत. ते ऐकायला तुम्हाला फार आवडायचं.

घरातही डागाशी तुमचं वैर. परकरावर शाई सांडली म्हणून मी तो ट्रंकेत दडवला, तेव्हा तुम्ही रागावलात ते शाईवर नाही, दडवण्यावर. "पडला तर पडला. लपवायचा कशाला? एकदा बसला म्हंजे कुणाच्या बापाला निघत न्हाय." आणि त्या हिवाळ्यात स्वतः काय केलंत? बाहेरगावी जायचा टॉवेलांचा मोठा माल तेलानं खराब झाला होता. ओल्या डागावर धूळ बसते म्हणून दारं-खिडक्या लावून घेतलीत आणि त्या कोंडलेल्या खोलीत डाग काढत बसलात. घरी आलात ते डोकं धरून. उलट्या सुरू झाल्या तर म्हणे, "पित्त हाय, दुसरं काय." डोळे पिवळे झाले तरी आरशात बघायला तयार नाही. लघवी बंद झालीय हे तर आईलाही सांगितलं नाहीत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याचा राग मला अजून आहे.

कावीळ म्हटल्यावर मंगळवेढ्याहून आत्या एसटीनं हजर. पिशवीत शहाळी, बाटलीत उसाचा रस आणि काविळीची माळ. माळ गळ्यातून खाली उतरेल तशी कावीळ उतरते, हे तिला पक्कं ठाऊक. दवाखान्यातले डॉक्टर माळेला काही बोलले नाहीत, पण शहाळी बघून त्यांनी हात जोडले. तुमच्या कामाचं त्यांनी मला विचारलं. मी त्या वासाचं सांगितलं, तर त्यांनी बाटली मागवून घेतली आणि नाव सांगितलं, कार्बन टेट्राक्लोराइड. श्वासावाटे आत गेलंय, लिव्हर निकामी झालंय, पाठोपाठ किडन्याही बसल्यात. "याला उतारा नाही आमच्याकडे. शरीर आपलं आपण सावरेल, तोवर यांना जगवायचं," ते म्हणाले. म्हणून डाळ-दूध बंद, नुसतं ग्लुकोज. आतड्यातलं विष डोक्यात चढू नये म्हणून गोळ्या आणि एनिमा. पोटात बारीक नळी घालून पाणी सोडत आणि रक्तातली घाण घेऊन आलेलं तेच पाणी परत काढत. तोंडानं पाणी मात्र मोजून, घोटभर. आणि शहाळं तर नकोच, किडन्या बंद असताना त्यातल्या क्षारानं हृदय थांबतं. आत्या फणकारली, "पाण्याला भ्येणारा डाक्टर पयल्यांदाच बगितला, बाई." तुमच्या उशाशी पहाऱ्याला मला बसवलं.

एका दुपारी आई भाकरी करायला घरी गेलेली, आत्या व्हरांड्यात पेंगतेय. तुम्ही डोळे उघडता, पण ओळख नाही त्यांत. ओठ फुटलेले. आणि कानडीत बोलायला लागता, आमच्याशी जी तुम्ही फक्त रागात बोलायचात. "नीर कोड, अव्वा." पाणी दे, आई. मी म्हणते, अप्पा, मी आहे, डॉक्टर नको म्हणालेत. तुम्ही ऐकत नाही, पोटातली नळी उपसायला हात घालता, पुन्हा अव्वा, पुन्हा पाणी. शेजारी तांब्या भरलेला. मला वाटतं, पाजावं आणि काय व्हायचं ते होऊ दे. मी तुमच्याच कारखान्यातल्या टॉवेलाचं टोक भिजवून ओठांना लावते. हळूहळू तुम्ही शांत होता. कशानं झालात ते शेवटी सांगते.

मग एका सकाळी भांड्यात जराशी लघवी दिसली. नर्सनं ते भांडं उजेडात धरलं आणि डॉक्टर चक्क हसले. पुढे माझ्या लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नाही. आत्या म्हणाली, "आता ह्याचं बी पेढं वाटू का काय?" आणि वॉर्डभर गूळ-शेंगदाणे वाटूनच आली. माळ तोवर पोटापर्यंत उतरली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं याबद्दल तिला शंका नव्हती. पुढे नळ सुटावा तशी लघवी व्हायला लागली आणि डॉक्टरांचा हुकूमही फिरला, आता जेवढं जातंय तेवढं पाजा. घरी आल्यावर तुम्ही डेऱ्यातलं पाणी तांब्याभर प्यालात आणि म्हणालात, "पाणी बी लई गोड असतंय की गं." पुढे कितीतरी वर्षं तुम्ही त्याच खात्यात राहिलात. नव्या माणसाला पहिला शब्द, "आदी खिडकी उघड."

हे पत्र कुठं टाकायचं, अप्पा? राहील साडीच्याच घडीत. बरे झाल्यावर तुम्ही विचारायचात, "ग्लानीत काय बोललो का गं मी?" मी नाही म्हणायचे. लेकीनं अरेतुरे केलेलं तुम्हाला कुठून खपणार! पण त्या दुपारी तुम्ही अव्वा म्हणालात आणि मी ओ दिली. डोक्यावरून हात फिरवत माझ्या मोडक्या कानडीत म्हणाले, गप पड रे बाळा, विहिरीला पाणी भरतंय, भरलं की देते. तुम्ही "हूं, अव्वा" म्हणालात आणि मुकाट्यानं डोळे मिटलेत.

माझी मुलं पुढं झाली, अप्पा. पहिले तुम्ही.