वाफेच्या नळीतलं दूध

प्रिय नीरू,

जेवण व्हायचं असेल तर हे पत्र बाजूला ठेव. झालं असेल तर थोडं जिरू दे, मग वाच.

तुमच्या सोहमच्या दुकानातलं कॉफीचं चकचकीत मशीन तू उद्घाटनाला पाहिलंस. तुझ्या बाबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि चिखलीत आता पुण्यासारखी कॉफी मिळणार म्हणून तू मला मिठी मारलीस. मला तिथं कामाला लावलंस तूच. मशीन बसवायला आलेल्या माणसानं मला त्याची साफसफाई शिकवली होती. दुकान बंद करताना बिनभोकाची वाटी लावून धुण्याच्या पावडरीचं पाणी आतून फिरवायचं, जाळी काढून घासायची, आणि दूध तापवणारी वाफेची नळी प्रत्येक वेळी लगेच पुसून तिच्यातून वाफ सोडायची. नाहीतर नळी गार होताना दूध आत ओढून घेते आणि ते तिथंच सडतं. मला ते काम आवडायचं. मशीन उघडून स्वच्छ केलं की सकाळच्या पहिल्या कॉफीचा वास दारापर्यंत यायचा.

तुझा भाऊ मात्र कंटाळला. "समताताई, काऊन रोज रोज उघडता ते? कॉफीच तर येते त्याच्यातून," म्हणायचा. धुण्याची पावडर संपली, ती त्यानं पुन्हा आणलीच नाही. मग मला काउंटरवर बसवलं आणि मशीनला हात लावू नका म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर तो पांढऱ्या फडक्यानं बाहेरचा पत्रा तोंड दिसेल इतका पुसायचा. स्वतःसाठी चहा मात्र समोरच्या टपरीवरून मागवायचा.

आईच्या मोतीबिंदूसाठी मी मेहकरला गेले होते. परत आले तो दुकानात आवाज चढलेले. रंगरावभाऊंच्या छकुलीचा वाढदिवस तिथं झाला होता. गरम चॉकलेट प्यालेली पोरं घरी जाऊन ओकायला लागली, आणि छकुलीला तर सलाईन लावावं लागलं. रंगरावभाऊ जाब विचारत होते. सोहम त्यांना अगदी घरातल्यासारखं, आवाज खाली करून सांगत होता, "काय सांगू काका, कप धुणारी बाई. त्या वस्तीतली राहणी कशी राह्यते, तुम्हाले तर माहीत आहे."

तानाबाई त्याच्या मागंच उभी होती, धुतलेल्या कपांचा ट्रे घेऊन. तिनं ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि निघून गेली. सोहमनं माझ्याकडं पाहिलं आणि हसून म्हणाला, "तुमचं नाही म्हणत, समताताई. तुम्ही तर आपल्यातल्याच."

नीरू, तानाबाईची आणि माझी भिंत एक आहे. त्याच वस्तीत, माझ्या आईच्या हातची भाकरी तू कितीदा खाल्लीस.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तशी मी मशीन उघडलं. हँडल अडकवतात त्या तोंडाची जाळी काढली, तर काळा, चिकट, डांबरासारखा थर निघाला, आणि खवट तेलाचा असा भपका आला की डोळ्यांतून पाणी आलं. खालच्या ट्रेच्या नळीत बुळबुळीत शेवाळ होतं, नाकातल्या शेंबडासारखं लोंबणारं. वर जिथं कप गरम ठेवतात, त्या पत्र्याखाली झुरळांची वीण झालेली. उबेला बसली होती सगळी. शेवटी वाफेच्या नळीचं टोक फिरवून काढलं आणि आत काडी घातली. पिवळा, दह्यासारखा गोळा बाहेर आला. आंबलेल्या ओकारीचा वास. याच नळीनं छकुलीचं दूध तापवलं होतं.

मी सोहमला हाक मारून दाखवलं. त्यानं पाहिलं, नीट पाहिलं. म्हणाला, "बंद करा ते, गिऱ्हाईक पाहून राह्यलं." टोक परत बसवलं, टेबलं पुसायच्या फडक्यानं नळी पुसली आणि आत आलेल्या एका शिक्षिकेसाठी त्याच नळीनं दूध फेसाळवलं. वर फेसाचं फूल काढलं. कप तिच्यापुढं ठेवताना तो हसत होता. मी म्हटलं, "बाई, पिऊ नका." तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग कप दूर सारला. सोहमनं मला तिथल्या तिथं घरी जायला सांगितलं. मागच्या मोरीत जाऊन मी ओकले. त्या गोळ्यामुळं की त्या 'आपल्यातल्याच'मुळं, ते मला अजून सांगता येत नाही.

तानाबाईला आणखी दोन घरांनी कामाला येऊ नको म्हणून निरोप धाडला. बोलणं गावात पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळी ती माझ्या उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. साबणानं पांढरे पडलेले, भेगाळलेले. "पाह्य वं समता, माह्या हातात काय खोट हाये?" एवढंच विचारलं तिनं. मी तिचे हात धरून बसले. छकुली आता बरी आहे, खिचडी खाते.

काल तू फोनवर फार चिडली होतीस. अन्न-औषधवाले आले, नमुने घेतले, मशीनला सील लावलं, बाबा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. कोण्या मेल्यानं तक्रार केली ते तू शोधून काढ, असं मला म्हणालीस, आणि तू रडायला लागलीस तसा मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे. शोधायचं काही नाही, नीरू. मी केली. तानाबाईला आणि रंगरावभाऊंना घेऊन एसटीनं बुलढाण्याला गेले आणि स्वतःचं नाव-पत्ता घालून केली. सोहमचं दुकान बुडावं अशी माझी इच्छा नाही. मशीन धुतलं की पुन्हा चालेल. पण घाण मशीनमध्ये होती, तानाबाईच्या हातांना नव्हती, हे त्यानं तिच्या दारात येऊन, वस्तीतल्या लोकांसमोर, तिचं नाव घेऊन सांगायला हवं. तू त्याची मोठी बहीण. त्याला हाताला धरून आणायचं तर तूच आणू शकतेस. आणलंस तर चहा आमच्याकडं, आणि कप तानाबाई धुईल. नाही आणलंस तर काय समजायचं ते मी समजेन.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
समता