पत्त्याची कोरी ओळ

ग्विमारास, ३ ऑक्टोबर

प्रिय मेलिंदा,

हे पत्र मानांग फेच्या हाती पाठवतोय. ती लेकाकडे तुमच्या अमेरिकेत, स्टॉकटनला चालली आहे, आणि तिच्या पिशवीत तुझ्यासाठी वाळवलेल्या आंब्यांची दोन पाकिटंही आहेत. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण म्हातारं माणूस दारात उभं राहिलं की त्याला परत पाठवू नये, एवढं तुझ्या आईने, नानायने, तुला शिकवलंय, त्याच भरवशावर लिहितो आहे. तिला बसव, कॉफी दे, आणि तिने बेटावरच्या सगळ्यांच्या दुखण्यांचा पाढा वाचायला घेतला तर निमूट ऐकून घे. माझं दुखणं त्यात नसेल, कारण ते मी तिला सांगितलेलं नाही.

आधी बातमी सांगतो. एस्तेरचा व्हिसा अडकला. तुला तिचं नाव ऐकायला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, पण सबंध पत्रभर नुसतं ‘ती, ती’ कसं लिहू? दीड वर्ष कागद गोळा केले, लग्नाचे फोटो जोडले, आणि मनिलाच्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीवरून ती एक चिठ्ठी घेऊन परत आली. चिठ्ठीत लिहिलंय की बायकोला अमेरिकेत न्यायचं असेल तर नवऱ्याचं राहतं घर अमेरिकेत हवं. माझा पासपोर्ट त्यांचाच आहे, चोवीस वर्षं त्यांच्या सरकारी इस्पितळाच्या भटारखान्यात मी भात शिजवलाय, पण पासपोर्ट म्हणजे घर नव्हे म्हणे. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

चुकलं ते माझं. इथे साधं बँकेत खातं उघडायचं तरी बारांगायच्या, म्हणजे गावच्या, कप्तानाचा दाखला लागतो, हे तू विसरली असशील. दाखला नसलेली फाइल म्हणजे आपल्याला मीठ नसलेलं कालवण वाटतं. कोणी मागितला नव्हता, तरी मी कप्तान रेनातोकडे गेलो. तो खूश झाला. म्हणाला, “नोंग तेओ, अमेरिकेच्या सरकारला कळू दे तू कोण आहेस ते!” आणि त्याने काय लिहावं? तेओफिलो गालेगो हे या गावचे कायमचे रहिवासी आहेत, त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, ते चर्चमध्ये खर्जात गातात, आणि याच मातीत, आपल्या पहिल्या बायकोशेजारी, विसावा घेण्याचा त्यांचा निश्चय आहे. खाली सही आणि तीन शिक्के. मला वाचून भरून आलं, गं. एस्तेरने तो कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खिडकीतल्या बाईने तो वाचला आणि विचारलं, “तुमचे यजमान राहतात कुठे?” एस्तेरला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “माझ्याजवळच की, मॅडम. आत्ता या वेळेला कोंबड्यांना दाणे टाकत असतील.” बाई हसली म्हणे, छान हसली, आणि चिठ्ठी भरायला घेतली. घरी आल्यावर एस्तेर रडत मला विचारत होती, “मी काय म्हणायला हवं होतं?” आणि मी खरंच कोंबड्यांना दाणे टाकत होतो.

त्याआधी पाहुणी म्हणून महिन्याभरासाठी तरी येऊ द्या, असा अर्ज केला होता. तोही फेटाळला, का तर ही बाई तिकडे गेली की कायमची तिथेच राहील. ती तिथून हलणार नाही अशी त्यांना भीती, आणि मी तिथे राहणारच नाही अशी शंका. आम्ही दोघं एकाच ताटात जेवतो, मेलिंदा, आणि एका सरकारला आमच्याबद्दल दोन उलट्या गोष्टींची खात्री आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

आता तू म्हणशील, एवढं अडलंय कशाला? आंब्याच्या बेटावर कोंबड्या पाळून सुखात आहात ना? सांगतो. माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. दोन वर्षांपूर्वी इलोइलोच्या डॉक्टरांनी ‘कधीतरी करावं लागेल’ म्हटलं होतं, म्हणून तर कागद सुरू केले. आता ते ‘नाताळच्या आत’ म्हणतात. होडीतून उतरून धक्क्याच्या पायऱ्या चढताना मला दोनदा बसावं लागतं. इथलं ऑपरेशन आपल्याला झेपणारं नाही, तिकडे ते म्हातारपणाच्या विम्यात बसतं. मला जायला कोणाची आडकाठी नाही. पण ती माझ्याबरोबर येऊ शकत नाही. आणि मला भीती वाटते. पूर्वी हे तुझ्या नानायजवळ बोलायचो, आता तुला लिहितो.

चिठ्ठीच्या मागे यादी आहे. त्या देशात तुमचं भाड्याचं घर आहे का, बँकेत खातं आहे का, गाडीचा परवाना चालू आहे का, मतदार म्हणून नाव आहे का, सामान कुठे ठेवलंय, परत यायची वाट उघडी ठेवल्याची काही खूण. वाचताना मला तुझाच आवाज ऐकू येत होता. चार वर्षांपूर्वी तू हेच सगळं सांगत होतीस. “ताताय, खातं बंद करू नका. परवाना राहू द्या. मागची खोली मी तशीच ठेवते, निदान एक कपाट तरी ठेवा.” मी काय म्हणालो होतो ते तुला आठवत असेल. एक चमचासुद्धा ठेवणार नाही म्हणालो. चौदा खोकी भरली, त्यांवर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलं आणि बोटीने पाठवली. नानायच्या अस्थी हातातल्या पिशवीत घेतल्या. तू दारात उभी होतीस, म्हणालीस, “तिला तरी थोडी इथे ठेवा.” मी ऐकलं नाही. तिला तिच्या बेटावर पोचवायचं वचन दिलं होतं, हे खरं. पण तुला मूठभर द्यायला हवी होती हेही खरं, आणि ते कळायला मला चार वर्षं लागली. पुढे मी लग्न केल्याचं कळल्यावर तू फोनवर म्हणालीस, “नानायला तिकडे नेलं ते हे बघायला का?” त्यानंतर आपण बोललेलो नाही. एस्तेर दर रविवारी नानायच्या थडग्यावरचं गवत काढते, पण हे मी तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

खोकी इथे पोचली तेव्हा एक वस्तू कमी निघाली. माझं भाताचं पातेलं, ते डाव्या कानाला पोचा आलेलं. तुझ्या शाळेच्या डब्यापासून तुझ्या तापातल्या आलं घातलेल्या मऊ भातापर्यंत सगळं त्यातच झालं. मी खोकी आणणाऱ्या माणसाशी भर रस्त्यात भांडलो, त्याला चोर म्हटलं. तो बिचारा म्हणत राहिला, “नोंग, सील तर तुमचंच आहे!”

गेल्या आठवड्यात इलोइलोला सरकारी कचेरीसमोर फॉर्म भरून देणाऱ्या एका बाईकडे गेलो. तिला यातलं सगळं माहीत. म्हणाली, “नोंग, कशाला जिवाला घोर लावताय? तिकडचा कोणताही पत्ता सांगा, मी भाडेपत्र तयार करते. एवढ्या लांबून कोण बघायला येतंय?” आणि विचारलं, “घराचा पत्ता?” माझ्या तोंडून तुझा पत्ता बाहेर पडला. घर क्रमांक, गल्ली, पिन कोड, सगळं घडाघडा. माझा स्वतःचा इथला पत्ता मला कधी धड आठवत नाही. तिने कागद छापून पुढे सरकवला, मालकीण म्हणून तुझं नाव आणि तुझ्या सहीची मोकळी जागा. मी पेन उचललं होतं, मेलिंदा, हे लपवत नाही. तुझी सही मला येते, तुझ्या प्रगतिपुस्तकावर तू माझी करायचीस तशीच. मग पेन खाली ठेवलं. तिच्या कष्टाचे दिले आणि कागद फाडून होडीतून पाण्यात टाकला. एस्तेरला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं केलंत. मुलीचं घर चोरून मला कुठे जायचंय?” आणि मग म्हणाली, “तुम्ही पुढे जा. मी इथे कोंबड्या बघते.” बोलताना तिची पाठ माझ्याकडे होती.

तर १४ नोव्हेंबरचं तिकीट काढलंय, एकट्याचं. आधी मीच जाऊन तिथे खरोखर राहायला लागलो, तर कदाचित तिचे कागद पुढे सरकतील, असं चिठ्ठीतच म्हटलंय. ऑपरेशनआधी की नंतर, की कधीच नाही, ते कोणी सांगू शकत नाही.

इस्पितळाने एक फॉर्म पाठवला आहे. त्यात विचारलंय, ऑपरेशननंतर रुग्ण कोणत्या घरी जाणार, आणि त्या घरी कोण असेल. मनिलाच्या खिडकीने विचारलं तेच. दोन्ही कागदांवर मी बाकी सगळं भरलंय, ती एक ओळ कोरी आहे. एस्तेरसाठी तू काही लिहून द्यावंस म्हणून हे पत्र नाही. ते तुला जमणार नसेल तर देऊ नकोस, मी तिला समजावीन. मला फक्त एक विचारायचंय. चार वर्षं मी त्या खोकीवाल्याला शिव्या देत आलो, पण हल्ली पायऱ्यांवर दम खात बसलो की वाटतं, सील करायच्या आदल्या दिवशी तू स्वयंपाकघरात एकटीच होतीस. ते पातेलं तू काढून ठेवलंस का? ठेवलं असशील तर मानांग फेजवळ एवढंच सांग की आहे. मग त्या ओळीत मी तुझा पत्ता लिहीन, आणि तो खोटा नसेल. हरवलंच असेल, तर तेही सांग. ओळ कोरी ठेवून येईन.

तुझाच,
ताताय