शिक्षेचा अधिकार

पांढुर्णा,
६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
विनायकचा सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर मला बोलता येत नाही. तू हॅलो म्हटलं की मला रडू येतं, मग तूही रडतेस. म्हणून लिहून राहिलो.

मी ऑफिसला जाऊ लागलो आहे. लोक चांगले आहेत, काही विचारत नाहीत. चहा मात्र न सांगता आणून ठेवतात.

काळजी मालतीची आहे. हिमानी गेल्यापासून ती नुसत्या चटईवर निजते आणि कोरडी पोळी पाण्याशी खाते. बसायला आलेल्या एका बाईने तिच्यासमोरच उसासा टाकला की देवानं कोणत्या पापाची शिक्षा दिली. तेव्हापासून तिने तोच शब्द धरला आहे. निबंध स्पर्धेच्या सकाळी पोरीचं अंग कोमट होतं, तरी हिने तिला शाळेत पाठवलं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की डेंग्यू फार जोरात होता, एका दिवसाने फरक पडला नसता. मी ते तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, शिक्षा झाली आहे, भोगू द्या.

एक काम होतं. त्या नागरिकशास्त्राच्या स्पर्धेचे पेपर तपासायला सौंसरला तुमच्या शाळेत आले असतील. आता आत्याच माझे मार्क कापणार, असं हिमानी म्हणत होती. तिचा पेपर मिळाला तर पाठव. बक्षिसाचं काही नाही. ते तिचं शेवटचं अक्षर आहे. मालती आणू नका म्हणते, पण मला पाहिजे.

भाऊजींना नमस्कार. या घरावर तुझी माया आहेच, सध्या थोडी जास्त ठेव.

तुझा,
विनायक


सौंसर,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. विनायक यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तुझे भाऊजी संत्र्याच्या तोडीमुळे दिवसभर बागेत असतात, पण संध्याकाळी आले की आधी तुम्हा दोघांचंच विचारतात.

पेपर मिळाला. त्यावर नाव नसतं, नंबर असतो. पण तो पोट फुगलेला ‘ळ’ कोणाचा, हे मला सांगावं लागत नाही. माझ्या गठ्ठ्यात तो नव्हता, दुसऱ्या एका सरांकडे होता. त्यांनी वर लाल शाईने ‘विषय सोडून’ लिहून शून्य दिलं होतं.

झालं असं. विषय हिंदीत छापला होता, ‘शिक्षा का अधिकार’. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी कोणीतरी त्याखाली ‘शिक्षेचा अधिकार’ असं करून ठेवलं. हिंदीतली शिक्षा म्हणजे आपलं शिक्षण, हे छापणाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. बाकीच्या पोरांनी वरचं हिंदी वाचून शाळा, पुस्तकं, दुपारचं जेवण, सगळं लिहिलं. आपल्या शहाणीने खालचं मराठी वाचलं आणि शिक्षा देण्याचा अधिकार कोणाला, यावर तीन पानं लिहिली.

मी त्या सरांना म्हटलं की पोरीने जे छापलं त्यावरच लिहिलं, चूक कागदाची आहे. ते बिचारे ओशाळले, पण निकाल लागून गेला होता. मग त्यांनीच झेरॉक्स फाईलला लावून मूळ पेपर माझ्या हाती दिला.

मलाही तिने सोडलं नाही. लिहिते, माझी आत्या शिक्षिका असून वर्गात कान धरते, हा तिचा अधिकार नाही. मी हसली, आणि मग मला स्टाफरूममधून उठून बाहेर जावं लागलं.

मालतीवर जबरदस्ती करू नकोस. पण त्यात आईबद्दल आहे. ते तिचं आहे, तुझं-माझं नाही. तिला ऐकव.

जेवत जा. ताईची आठवण ठेवता तशी ताईची आज्ञाही पाळा.

तुझी,
ताई


पांढुर्णा,
२० ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

पेपर पोचला. आज दिवाळी आहे. आमच्याकडे काही नाही, शेजारच्या सुमनकाकूंनी चिवडा दिला तो तसाच आहे.

मालती तांदूळ निवडत होती. ऐकतेस का, असं मी विचारलं नाही, वाचायला लागलो. हिमानीने लिहिलं आहे, “शिक्षा देण्याचा अधिकार फक्त न्यायालयाला आहे. आधी गुन्हा कोणता ते सांगावं लागतं. मग त्या माणसाची बाजू ऐकावी लागते. बाजू न ऐकता दिली तर ती शिक्षा नाही, तो अन्याय आहे. माझी आई आधी रागावते, मग विचारते, मग शिक्षा रद्द करते. हे न्यायालय चांगलं आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे.”

मालतीचा हात थांबला. मला वाटलं आता रडेल. तिने बाजू ऐकण्याची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग शून्य कोणी दिलं ते विचारलं. मी कागदाची चूक समजावून सांगितली. ती चिडली. पोरीला बोलावून विचारलं काय त्यानं, म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कोणावर चिडली.

नंतर माझ्याकडे कागद मागितला. ती तुला लिहून राहिली, मला वाचू देत नाही. पाकीट बंद करून यासोबत ठेवतो आहे.

तुम्हा दोघांचा जीव आमच्यात असू द्या.

तुझा,
विनायक


पांढुर्णा, २० ऑक्टोबर

सौ. ताईंना मालतीचा नमस्कार. वि. वि.

मला पत्राची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. हिमानीने लिहिलं की बाजू ऐकावी लागते. माझी कोणी ऐकली नाही. यांना सांगायला गेली की हे मधेच म्हणतात, तुझी चूक नाही. ते ऐकणं होत नाही. पत्रात तुम्हाला मधे बोलता येणार नाही, म्हणून लिहून राहिली.

त्या सकाळी वेणी घालताना तिच्या मानेला हात लागला. मान कोमट होती. मी म्हटलं आज राहू दे. ती म्हणाली, कढत पाण्यानं आंघोळ केली म्हणून, आणि वर्गातल्या डिंपलची आई डिंपलला कधी अडवत नाही. मी पुन्हा हात लावून पाहिला. पाण्याचं गरम की तापाचं, मला खरंच समजलं नाही ताई. तिने कितीतरी पाठ केलं होतं. मी पोळ्या लाटायची आणि ती मला कलमं ऐकवायची. नाही पाठवलं तर ती रुसली असती, आणि तिचं न बोलणं मला सहन होत नव्हतं. म्हणून मी दुसरी वेणी घातली, रिबीन बांधली, जा म्हटलं.

ती घाईत गेली, मागं पाहिलं नाही. मी दारात उभी होती आणि खुश होती. हेही लिहिते, लपवायचं नाही. त्या सकाळी मी खुश होती.

एवढी माझी बाजू आहे. तुम्ही आत्या म्हणून वाचू नका, तपासणारी म्हणून वाचा. गुन्हा असेल तर कोणता ते लिहून कळवा. नसेल तरी कळवा.

आजवर माया केली, निकालानंतरही तशीच असू द्यावी.

आपली,
मालती