काचेचं नवलकोल

नोवी बोर,
११ मार्च

प्रिय हिनेक,

तुला नि हेल्गाला आशीर्वाद, आनेझ्काला गोड गोड पापा. तिचा पुढचा दात पडला म्हणे! फोटो पाठव.

इकडे सगळं ठीक. बर्फ वितळून अंगणात नुसता राडा झालाय. शेजारच्या हान्झलिकोवाबाई रोज कोबीचं सूप आणून देतात आणि वर टोमणाही. परवा म्हणाल्या, "काय गं द्राहुश्का, तुझं ते काचेचं नवलकोल उडणार कधी? आमच्या ह्यांना बसवून दे त्यात एकदाचं!" किती वेळा सांगितलं, अहो, हे काचेचं अंतराळयान आहे, बांधलेलं नाही, उगवलेलं, मुळांनी ताऱ्यांचा उजेड पितं, पोटात त्याचे प्रवासी वाढतात. तर म्हणतात, "मग नवलकोलच की!" हसू आलं मला. बऱ्याच दिवसांनी आलं.

तू प्रत्येक पत्रात आपल्या काचेच्या भट्टीचं विचारतोस. सांगते. आधी यानाचं ऐक.

नाताळात येऊन तू यानासाठी फुंकून दिलेला काचेचा मोठा गोळा शाबूत आहे. मुळं मी तापल्या काचेतून ओढली. आतले प्रवासीही होत आले होते. शेवटचा तीन डोळ्यांचा, तुझ्यासारखा नाक वर करून बसलेला. त्याचे पाय ओढताना जळका वास आला. म्हटलं, गेला वाटतं हातमोजा! पाहते तर मोजा घातलेलाच नव्हता. माझा तळवा काच उचलायच्या तापलेल्या नळीवर टेकला होता.

दुखलं नाही रे. काहीच दुखलं नाही.

डॉक्टर म्हणाले, नसा मेल्यात, दुसऱ्या हाताचंही तेच होणार. "आता काच सोडा, बाई." मीठ सोडा म्हणावं इतक्या सहज म्हणाले. तरी मी रोज भट्टीपुढे उभी राहायचे. नळी फिरवायची, पण टोकाची काच कुठे झुकतेय ते हाताला कळायचंच नाही. एकेक प्रवासी वाकडा निघायचा, फुटायचा. मग तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडायचे.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. इथली पुढची थंडी पडायच्या आत बव्हेरियातली नोकरी सोडून येतो, तोवर भट्टी तेवढी जिवंत ठेव.

मंगळवारी मी गॅस बंद केला, हिनेक.

ओरडू नकोस, पुढचं ऐक. भट्टीतल्या भांड्यातली वितळलेली काच उपसली नाही. भांडं भरलेलं तसंच गार होऊ दिलं. आत काच थिजली की भांडं तडकतं, भट्टी कामातून जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं, म्हणून तर केलं. उपसली असती तर तू भट्टी पुन्हा पेटवली असतीस, पोरीला तिथल्या शाळेतून ओढून आणलं असतंस. आणि मला म्हणाला असतास, "ताई, तू नुसतं सांग, मी करतो." शेवटी शेवटी बाबा खुर्चीत बसून आपल्याला सूचना करायचे आणि आपण दोघं त्यांना चुकवत फिरायचो, आठवतं ना? मला त्या खुर्चीत बसायचं नाही.

दुपारभर भांडं तडकत होतं. मी कोट घालून शेजारी उभी होते. आपल्या कारखान्यात थंडी वाजू शकते, हे मला या वयात कळलं.

नवी नवी यानं अजून सुचतात. तोच तर छळ आहे. सकाळी डोळे उघडायच्या आत एखादं सुचलेलं असतं, आणि मग उठावंसंच वाटत नाही.

आनेझ्काला यातलं काही सांगू नकोस. आत्याचं यान लांब गेलंय म्हण.

तू येऊ नकोस. आणि आलासच, माझं न ऐकता, तर माझा हात हातात घेऊ नकोस. मला जाणवणार नाही.

तुझी ताई,
द्राहुश्का