डबी बोलली

प्रिय खटपट्या,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझे भावोजी गुडघ्याला शिव्या देत का होईना, रोज फिरून येतात. मी अजून रुग्णालयाच्या औषधभांडारातच आहे आणि निवृत्तीला आठ महिने उरलेत. बातमी चांगली आहे, इतकी चांगली की मी तीन दिवस ती तोंडात धरून बसले आहे. चिमी तर लगेच तुला फोन लावायला निघाली होती. मीच तिला अडवलं, म्हटलं, मामाला मी लिहिते.

आमचं भांडार नव्या इमारतीत चाललंय. मागच्या आठवड्यात जुनी शीतखोली रिकामी करायला काढली. दोन वर्षं तिचं दार कोणी उघडलं नव्हतं. आत कुबट वास, गंजलेल्या मांडण्या, आणि भिंतीवर ती करड्या रंगाची डबी, तापमान आणि दाराची उघडझाप टिपणारी. माणसं ती उपटून भंगाराच्या ढिगावर टाकत होती. मी म्हटलं, ती राहू द्या, आणि पिशवीत घालून घरी आणली. का आणली, हे तेव्हा मला विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं. पण तू त्या सोमवारी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होतास, “ताई, दार मी लावलं होतं. डबी वाच, तिच्यात सगळं असेल.” ते वाक्य दोन वर्षं कानात बसलंय.

तेव्हा कोणी वाचली नाही. तिला जोडायचा संगणक आधीच मोडीत निघाला होता, बनवणारी कंपनीही बंद पडली होती, आणि त्या संगणकाशिवाय डबी मुकी, असं सगळ्यांनी धरून चाललं. शीतखोली तापून इन्सुलिन, लसी, सगळा साठा फेकावा लागला होता. मुलांना घेऊन आलेल्या आया दारातून परत जात होत्या. अशा वेळी दोष ठेवायला एक माणूस लागतो. दार उघडं सापडलं, त्यानेच थंडाव्याचं यंत्र ताण येऊन जळालं असं ठरलं, आणि शनिवारी शेवटचा तू बाहेर पडलेला. झालं! ठपका तुझ्यावर आला आणि तू नोकरी सोडून गेलास.

चिमी हल्ली मोबाइलची ॲप बनवते, हे तुला ठाऊक आहेच. डबी बघून म्हणाली, “आई, हिला संगणक कशाला हवाय? फोनला जोडू.” एक छोटी जोडतार आणली, एक टोक फोनला, दुसरं डबीला. मला वाटलं, खोचलं की दिसेल. कसलं काय! आधी फोनने विचारलं, या उपकरणाशी बोलायची परवानगी आहे का. दिली. मग पडद्यावर नुसती चौकोन आणि प्रश्नचिन्हांची खिचडी. मी हाय खाल्ली, म्हटलं, सडली वाटतं आतून. चिमी हसली. म्हणाली, दोघांचा बोलण्याचा वेग जुळायला हवा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला कळत नाही. ती एकेक वेग लावून बघत गेली. चौथ्या खेपेला स्वच्छ अक्षरं आली, डबीचा क्रमांक आणि “तयार”. मी टाळीच वाजवली. पण नोंदी मागितल्या की डबी गप्प! जेवणं झाली, भांडी झाली, तरी गप्प. दुपारी चिमीच्या लक्षात आलं की आज्ञेच्या शेवटी “ओळ संपली” अशी खूण पाठवावी लागते. ती मिळेपर्यंत डबी बिचारी पुढचं ऐकायला थांबलेली. चिमीने ॲपमध्ये तेवढा बदल केला, पुन्हा विचारलं, आणि नोंदी धो धो सुरू झाल्या. अर्धवट तुटलेल्या ओळी यायच्या, ॲप त्या जोडून घ्यायचं. यंत्र जळाल्यावर डबीही बंद केली होती, म्हणून शेवटचे दिवस जसेच्या तसे आत राहिले होते.

चिमी वाचत होती, मी खुर्चीची पाठ धरून उभी. शनिवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, दार बंद. चार वाजल्यापासून तापमान चढायला लागलं, दार बंदच. रविवारी अठ्ठावीस अंश, दार बंद. सोमवारी सकाळी सात पन्नासला दार उघडलं, म्हणजे तू कामावर यायच्या चाळीस मिनिटं आधी. कोणी उघडलं, ते मला शोधायचं नाही. साठा तोवर दीड दिवस आधीच गेला होता. यंत्र आपणहून बंद पडलं होतं, खटपट्या. तू दार लावलं होतंस.

मी रडायलाच लागले. चिमी घाबरली. तिला म्हटलं, अगं, हे बरं वाटण्याचं रडणं आहे.

परवा कागद छापून मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले आणि एवढंच म्हणाल्या, “त्याला आपण फार वाईट वागवलं.” तुझ्यावरचा ठपका काढल्याचं पत्र त्यांनी सही करून दिलंय, ते सोबत आहे. नव्या इमारतीतल्या यंत्रांची देखभाल घेशील का, असं तुला विचारायला सांगितलंय. यायचं की नाही, ते तू ठरव. तिथे तुझा चांगला जम बसलाय, हे मला कळतं.

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, ते सांगते. चौकशीच्या अहवालात “हलगर्जीपणा” हा शब्द होता. तो डॉक्टरीणबाईंनी लिहिला असं तू आजवर समजत आलास, आणि मी समजू दिलं. तो मी लिहिला होता. भांडाराची प्रमुख मी. भावाला पाठीशी घालते असं कोणी म्हणू नये, म्हणून तुझं म्हणणं खरं वाटत असूनही मी तो शब्द घातला आणि खाली सही केली. डबीने तुला मोकळं केलं, तेव्हा मला वाटलं की हेही आता पोटात ठेवायला नको. फोनवर तू लगेच “जाऊ दे गं ताई” म्हणाला असतास, आणि मला ते इतक्या स्वस्तात नको होतं. म्हणून लिहिलं. वाच, हवं तितके दिवस माझ्यावर राग धर, आणि मग ये. आल्यावर भांडलास तरी चालेल.

तुझीच,
ताई